टँकरचं माहेर

पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी त्याच्या तोंडातल्या शब्दाला गाव विचारणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात एकच आहे, आणि माझा टँकर नेमका त्याच्याच गावात जाऊन उभा राहिला, हे माझं नशीब. नेकनूरच्या अलीकडं रस्त्याला लागून एक गाव आहे, तिथले आमचे तारमास्तर. पोस्टात तारा पाठवायच्या यंत्रावर बोट ठेवून त्यांची सगळी नोकरी गेली. पुढं तार खातंच बंद पडलं, पण मास्तर काही बंद पडले नाहीत. तारेत शब्दाला दाम पडायचा, त्यामुळं तीस-बत्तीस वर्षं लोकांच्या दुःखातले आणि आनंदातले फालतू शब्द काढून टाकायची त्यांना अशी सवय लागली, की सेवानिवृत्तीनंतर ते हे काम फुकट करू लागले. कुणी बोलायला लागलं की मास्तरांच्या उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायचा. बोलणारा थांबला की मास्तर म्हणायचे, "एकोणीस. पाचात झालं असतं."

शेजारच्या घरी लग्न निघालं. पत्रिका द्यायला आलेल्या नवरदेवाच्या बापाला त्यांनी ओट्यावर बसवलं, कानावरची पेन्सिल काढली, आणि 'आमचे येथे श्रीकृपेकरून' पासून 'सहकुटुंब सहपरिवार इष्टमित्रांसह' पर्यंत सगळं खोडत खोडत आले. शेवटी पत्रिकेत तीन शब्द शिल्लक राहिले. 'लग्न. रविवारी. जेवा.' "हे छापा," म्हणाले. तो बिचारा यांना तोंडीच आमंत्रण देऊन पत्रिका परत घेऊन गेला, असं गावात अजून सांगतात. घरात मात्र काकूंपुढं ही काटकसर चालायची नाही. मास्तर स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून नुसतं "भूक" म्हणाले, की काकू ताटात एक कोरडी भाकरी ठेवायच्या. "एका शब्दाला एकच वस्तू. कालवण पायजे, ठेचा पायजे, तर तेवढे शब्द लावा. आमचं बी तारऑफिसच हाय." मग मास्तर नाईलाजानं कालवण, ठेचा, कांदा अशी सगळी यादी मोठ्यानं म्हणायचे आणि प्रत्येक शब्दाला त्यांचा जीव तुटायचा.

पण हाच माणूस एखाद्या शब्दाचा गावठिकाणा सांगायला लागला, की पार उधळमाधळ. त्यातही इंग्रजी शब्द असला तर विचारूच नका. गावात नवा इंग्रजी शब्द आला की एसटीतून उतरलेल्या परक्या माणसाला विचारावं तसं ते त्याला विचारायचे, "कुठलं पाव्हणं?" त्यासाठी त्यांच्याकडं एक जाडजूड इंग्रजी कोश होता. पोस्टाच्या रद्दीत निघालेला. त्याचा पुठ्ठा गेलेला, आणि पुढची पानं उंदरांनी खाल्लेली, त्यामुळं तो कोश तिसऱ्या अक्षरापासून सुरू व्हायचा. म्हणून ए आणि बी पासून सुरू होणाऱ्या शब्दांवर मास्तरांचा कधीच विश्वास बसला नाही. "बँक? तिचं घराणं आमच्याकडं न्हाई. जपून ऱ्हावा." पण 'शुगर' त्यांना सापडली होती. माजलगावकडच्या कारखान्याची ऊसतोड करून आलेल्या माणसाला ते आवर्जून थांबवून सांगायचे, "शुगर म्हंजे आपली शर्करा. अरबाकडं गेली, तिथून फिरंग्याकडं गेली, अन् नाव बदलून आली. तू तोडतो तो ऊस, अन् शब्द बी आपलाच." तो माणूस पाठीला हात लावून म्हणायचा, "मास्तर, पाठ बी आपलीच मोडती."

मी मूळचा गेवराईकडचा. शाळा आठवीत सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली. इंग्रजीच्या तासाला गुरुजींनी उभं करून वाचायला लावलं, आणि माझा घसा असा बंद झाला, की दुसऱ्या दिवशी शाळेच्या रस्त्याला पाऊलच पडेना. मग ट्रॅक्टर, मग टेम्पो, आणि दुष्काळ पडला तसा सोसायटीच्या ठेक्यावरचा पाण्याचा टँकर. धरणावर भरायचा, आणि या गावच्या विहिरीत नेऊन सोडायचा. मला भीती फार. पोलिसाची भीती, घाटाची भीती, साहेबाची भीती, आणि कागदावर इंग्रजी दिसलं की सगळ्यांची मिळून एकच भीती. अशा माणसाच्या टँकरपुढं, आठवडाभर खेपा झाल्यावर, एक म्हातारा येऊन उभा राहिला. रस्त्याकडेला एक सपाट दगड आहे, त्याच्यावर बसलेला होता, तिथून उठून आला. मी ब्रेक मारला. खिडकीतून डोकं काढलं.

"कुठला?" म्हातारा म्हणाला.

"गेवराईचा, बाबा."

"तू न्हाई. ह्यो." म्हाताऱ्यानं टँकरवर थाप मारली. "टँकर. शब्द कुठला?"

"इंग्रजी असंल की."

"असंल! आठ दिवसांपासून गाव त्याचं पाणी पितंय अन् 'असंल' म्हणतो. आपण सोयरीक करताना असं म्हणतो का? उतर खाली."

मी उतरलो. मला वाटलं काही तरी गुन्हा झाला. म्हाताऱ्यानं मला बोटाला धरून त्या दगडाच्या वरच्या अंगाला नेलं. तिथं टेकडीच्या पायथ्याला खडकात खोदलेलं एक जुनं टाकं होतं. चौकोनी, खोल, वर चढून जायला दगडाच्या पायऱ्या. आत बाभळीचे फाटे, फुटक्या घागरी, प्लास्टिकच्या पिशव्या, आणि तळाला गाळ. कुणी खोदलं, कधी खोदलं, कुणाला ठाऊक नाही. "हे टाकं," मास्तर म्हणाले. "आपल्याकडच्या असल्या टाक्यांवरनं साहेबानं शब्द उचलला. टाकं, टँक. टँकला चाकं लागली, टँकर झाला. तू रोज ह्याच्यापुढनं जातो. पोरगी माहेरावरनं जाती अन् तिला माहीत न्हाई!"

मग घरी नेऊन त्यांनी कोश दाखवला. त्या पानावर दोरा घालून ठेवलेला होता. मला काही वाचता येईना, म्हणून त्यांनीच वाचलं. कोशवाला सांगत होता की टँक हा शब्द बहुधा गुजराती किंवा मराठी असावा. पुढं पोर्तुगिजांचंही नाव होतं, पण मास्तरांनी त्यांना आधीच काढून टाकलं होतं. "ते समुद्रातनं आले. चहूकडं पाणी. त्यांना टाक्याचं काय अप्रूप?" गुजरातीचं मात्र त्यांना शल्य होतं. 'गुजराती' आधी आणि 'मराठी' नंतर, हे काही त्यांना सहन व्हायचं नाही. "छापणाऱ्याचा हात चुकला असंल." म्हणून त्यांनी पेन्सिलीनं 'गुजराती'वर दोनचा आकडा आणि 'मराठी'वर एकचा आकडा टाकून ठेवला होता. तारेतले शब्द उलटसुलट झाले की अशीच दुरुस्ती करायची असते, म्हणाले. मग त्यांनी लढाईतल्या टँकची गोष्ट सांगितली. साहेबानं पहिल्या महायुद्धात लोखंडी रणगाडे बांधायला घेतले, पण शत्रूला सुगावा लागू नये म्हणून पाण्याच्या टाक्या बांधतोय असं सांगितलं, आणि तेच नाव चिकटलं. "बघ. एवढी मोठी लढाई, पण थाप मारायची तर पाण्याचंच नाव घ्यावं लागलं." हे सांगताना मास्तर एवढे हसले, की काकू स्वयंपाकघरातून बघायला आल्या, काय झालं म्हणून.

तेव्हापासून माझ्या खेपेच्या कागदावर सही करायचं काम मास्तरांनी आपल्याकडं घेतलं. कागदावर शेवटी शेऱ्याचा रकाना असायचा. बाकीच्या गावांत तो कोराच राहायचा. मास्तर मात्र रोज लिहायचे, पण एकच शब्द. 'गढूळ.' 'उशीर.' 'कमी.' एक दिवस त्यांनी दोन शब्द लिहिले. मी तोपर्यंत त्यांच्याकडून मराठी अक्षर पुन्हा घोटायला लागलो होतो, म्हणून वाचून पाहिलं. 'ड्रायव्हर उपाशी.' मी कुणाला काही बोललो नव्हतो. सकाळपासून पोटात चहाच होता, एवढंच. त्या दिवसापासून माझी दुपारची भाकरी काकूंकडं लागली, आणि मला यादी म्हणायचीही गरज पडली नाही. जेवण झालं की मास्तर मला कोशापुढं बसवायचे. "भेऊ नको बे. इंग्रजी शब्द म्हंजे काय वाघ हाय का? त्याला पयले गाव विचार. गाव सांगितलं की निम्मं भेव जातं." मी बोट ठेवून वाचायचो, घसा बंद व्हायचा, मास्तर थांबायचे. शाळेत थांबलं नव्हतं कुणी.

त्याच उन्हाळ्यात बातमी आली, की सोसायटीला खताचं गोडाऊन बांधायचंय आणि जागा ठरली टाक्याची. रस्त्याकडेला, कडक खडक, आयता पाया. टाकं मुरमानं बुजवून वर शेड टाकायची. सोसायटीचे चेअरमन तसे भले माणूस. पण त्यांना कुठंही मोकळी जागा दिसली की गोडाऊन दिसायचं. सोसायटीची सभा बोलावली, पत्र्याखाली सतरंजी टाकली. मला खेपेच्या कागदावर सही पाहिजे होती म्हणून मी दाराशी उभा. मास्तर पुढं बसलेले. चेअरमननी जागेचा विषय वाचून दाखवला आणि विचारलं, कुणाचं काही म्हणणं?

मास्तर उठले. "बुजवू नका." आणि खाली बसले.

"कावून?" चेअरमन म्हणाले.

"शब्दाचं माहेर हाय."

सभा हसली. मागून कुणी तरी ओरडलं, "मास्तर, टँकर तर बाप्या हाय, त्याला माहेर कसलं?" आणखी हसले. चेअरमन मात्र हसले नाहीत. ते हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, राग धरू नका. पण त्या टाक्यावर तुमच्या माणसांना चढू देत नव्हते. तुमाला माहीत हाय, आमाला माहीत हाय. मग त्याच्यात तुमचा जीव कशाला अडकलाय? बुजलेलंच बरं. लाज तरी झाकंल."

"लाज कुणाची?" मास्तर म्हणाले.

मी मनात म्हटलं, दोन शब्द. आता बसतील. पण मास्तर बसले नाहीत. जन्मभर वाचवून ठेवलेले शब्द त्या दिवशी त्यांनी सगळेच काढले. म्हणाले, "टाक्याच्या खाली तो सपाट दगड हाय ना, मी बसतो तो? तिथं आमची आजी बसायची. घागर घेऊन. वरनं कुणी ओतलं तर भरायची, न्हाई ओतलं तर बसायची. पायरी चढायची न्हाई. आजीला चढू दिलं न्हाई, पण शब्दाला कुणी अडवलं का? तो गेला. पायरी उतरला, बोटीत बसला, साहेबाच्या देशात गेला, लढाईवर गेला. अन् म्हातारपणी सहा चाकांवर बसून गावात परत आला. आल्या आल्या काय केलं त्यानं? सगळ्या गावाला एका लायनीत उभं केलं. टाक्याला जे जमलं न्हाई ते त्याच्या शब्दानं करून दाखवलं. आता तुमी टाकं बुजवणार. मग मी नातवाला काय दाखवू? हे गोडाऊन हाय, अन् इथं तुझ्या खापरपणजीला कुणी अडवलं नव्हतं, असं सांगू? बुजवलं की आमचा पुरावा बी गेला अन् तुमचा बी. सोसायटी म्हंजे काय, माहीत हाय का? लॅटिन हाय. सोबती. सोबत्यानं सोबत्याचा पुरावा बुजवावा का?"

पुढच्या रांगेत एक जण सवयीनं बोटांवर शब्द मोजायला लागला होता. त्यानं कधीच नाद सोडून दिला होता. मास्तरांना धाप लागली आणि ते बसले. चेअरमन कागद उलटसुलट करत होते. लाजेचा विषय असा असतो, की त्यावर हात वर करायला कुणी पहिला होत नाही. मला दिसत होतं, की सभा आता चहाकडं वळणार आणि विषय मंजूर म्हणून लिहिला जाणार.

मग मी बोललो. कसा बोललो मला अजून कळत नाही. घसा बंद झाला होता, तो उघडला तेव्हा मीच दचकलो. "साहेब, विहिरीत पाणी ऱ्हात न्हाई."

सगळे वळले. चेअरमन म्हणाले, "ड्रायव्हर, तू कुणाच्या पगारावर हाईस?"

"तुमच्याच, साहेब. म्हणून सांगतो. मी विहिरीत टँकर सोडतो, तास-दोन तासांत पाणी खाली जातं. तळाचा खडक फुटलाय, भेगा पडल्यात. निम्म्या बायांचं बी भरून होत न्हाई. टाकं अखंड खडकात हाय. गाळ काढला तर थेंब जायचा न्हाई. रस्त्यालाच हाय, मला टँकर बी गल्लीत घालावा लागणार न्हाई." मला वाटलं, गेली नोकरी.

चेअरमननी माझ्याकडं बघितलं, मास्तरांकडं बघितलं. मग म्हणाले, "हे एक तासभर लॅटिन सांगतेत, अन् ह्यांना साधं पाणी मुरतंय ते सांगता येईना. कसले तारमास्तर!" सभा पुन्हा हसली, पण हे हसणं निराळं होतं. गोडाऊन शाळेमागं गेलं.

गाळ काढायला गाव लागलं. माझा टँकर पहिल्यांदा टाक्याला लागला तेव्हा मास्तर खाली आपल्या दगडावर बसून होते. पाण्याचा नळ सोडला, टाक्यात आवाज घुमला. बाया पायऱ्या चढून घागरी बुडवायला लागल्या, कुणाच्या मागं कोण ते कुणी बघितलं नाही. काकू भरलेली घागर घेऊन खाली आल्या. "उठा की आता. तुमी बी चढा."

"गुडघा," मास्तर म्हणाले.

"गुडघा सभेत दुखत नव्हता," काकू म्हणाल्या. मग मास्तरांनी माझ्या खांद्याला धरलं आणि चढले. प्रत्येक पायरीला थांबले. वर गेल्यावर वाकून पाण्यात हात बुडवला, आणि बराच वेळ तसाच ठेवला. त्या दिवशीच्या शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'पोचला.' मला अजून कळलेलं नाही, ते टँकरबद्दल लिहिलं होतं की स्वतःबद्दल.

दोन पावसाळे चांगले झाले आणि टँकरचं काम संपलं. कुणी तरी सांगितलं, कच्छमध्ये बंदरावर टँकर चालवायला माणसं पाहिजेत. भरायचा कागद सगळा इंग्रजी. मी साहेबापुढं बसलो आणि एकेका शब्दाला मनात विचारत गेलो, कुठलं पाव्हणं? ज्यांनी गाव सांगितलं ते वाचले, ज्यांनी नाही सांगितलं ते सोडले. नोकरी लागली. इथं आता पाण्याऐवजी तेल आहे, गावाऐवजी गोदी आहे, आणि सगळ्या साहेबांची भीती अजून तशीच आहे. पण घसा बंद होत नाही.

इथं मी एका म्हाताऱ्या बाईच्या घरात खोली घेऊन राहतो. सगळे तिला बा म्हणतात. आलो त्या दिवशी पिण्याचं पाणी कुठून भरू असं विचारलं, तर बानं अंगणातल्या फरशीतलं एक झाकण दाखवलं. खाली पावसाचं पाणी साठवलेलं खोल तळघर. "टांकामांथी भरी ल्यो," बा म्हणाली. माझ्या हातातला हंडा तसाच राहिला. टांकुं. म्हणजे गुजराती खरंच आधी होते की काय! मास्तरांच्या पेन्सिलीचा एकचा आकडा माझ्या डोळ्यांपुढं आला. चार महिने मी हे कुणाला सांगितलं नाही. मास्तरांना फोन करायचो, इकडचं तिकडचं बोलायचो, आणि टांक्याचा विषय गिळून टाकायचो. ज्या माणसानं मला भाकरी दिली आणि वाचा दिली, त्याचं एकुलतं एक माहेर परक्यांचं निघालं हे मी कसं सांगू?

मग एकदा फोन काकूंनी उचलला. म्हणाल्या, "त्यांना आता ऐकायला येत न्हाई. पार गेलं. पाटीवर लिहून दाखवावं लागतं. पाटी बारकी हाय, म्हणून सगळे थोडक्यातच लिहितात." आणि काकू हसल्या. "जलमभर गावाला सांगत होते, थोडक्यात बोला. आता सगळं गाव त्यांच्यासंगं तारेतच बोलतंय."

मला वाटलं, आता लपवायचं नाही. म्हटलं, काकू, लिहा. मी मनात मोजलं, खोडलं, पुन्हा मोजलं. 'मास्तर, इथंही टाकं. शब्द त्यांचाही.' पाच शब्द. काकूंनी पाटी घासत घासत लिहिलं, मला खडूचा आवाज आला. आता मास्तर काय करत असतील, कोश उघडून आकडे खोडत असतील का, याचाच विचार करत मी अंगणात उभा होतो. मग काकू म्हणाल्या, "विचारतेत, सगळ्यांना भरू देतात का?"

मी बाच्या दिशेनं बघितलं. ती तुळशीला पाणी घालत होती. मी आलो त्या दिवशी तिनं माझं नाव विचारलं नव्हतं, आडनाव विचारलं नव्हतं, गाव विचारलं नव्हतं. झाकण दाखवलं होतं, आणि दोर हातात दिला होता.

"लिहा," म्हटलं. "देतात."

खडू वाजला. पलीकडं मास्तर काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. पण परवा काकूंचा फोन आला होता. ती पाटी ते कुणाला पुसू देत नाहीत. गावाला त्यांच्याशी बोलायला नेकनूरहून दुसरी पाटी आणावी लागली.